सात पावलांची खोली

आत्या,

तुमच्या खोलीची मापं परवा पुन्हा घेतली. लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट, दोन दारं, एक खिडकी. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले, एवढ्यात भिंती कुठे सरकणार? पण हातात टेप घेतल्याशिवाय मला कुठल्या जागेत धड उभं राहता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं मोजणी खात्यात गेली. दोन सख्ख्या भावांच्या मध्ये बांधावर उभं राहायचं आणि तुझं इथपर्यंत, तुझं तिथून पुढं असं सांगायचं, हीच नोकरी. वाशी तालुक्यात मला कुणी फार हुशार म्हणत नाही. बापूंचं माप चुकत नाही, एवढं मात्र म्हणतात. तुम्हीही म्हणायचात.

तेराव्याला मला बोलायला उभं केलं. मी तुमच्या कष्टांबद्दल चार वाक्यं बोललो आणि बसलो. जे बोलायला हवं होतं ते तिथं बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितो. तुमच्या खोलीवर पत्रा आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं. पत्रा नव्हता. म्हणजे दिसायला होता, पण त्याच्या वर एक फुटावर पाच इंची स्लॅब होता. हे मला माहीत होतं. ते माझ्याच सांगण्यावरून झालं होतं.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. भूकंपाला आठवडा झाला होता. मी आणि माझे वडील, दादा, तुम्हाला आणायला लोहाऱ्याकडे तुमच्या गावी गेलो. गाव म्हणावं असं काही उरलं नव्हतं. सगळी घरं माळवदाची. अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. गळू नये म्हणून दर साली त्या थरावर आणखी माती टाकायची. बापजाद्यांपासून टाकत आलेली. तुम्ही मोकळ्या रानात एका पोत्यावर बसला होतात. दादांनी हाक मारली तर तुम्ही त्यांच्याकडे न बघता वर आभाळाकडे बघितलं.

त्या पहाटेबद्दल तुम्ही मला एकदाच बोललात, पुष्कळ वर्षांनी, शेंगा फोडता फोडता. म्हशीकडे जायला उठला होतात. सोप्यातल्या अंथरुणापासून अंगणापर्यंत सात पावलं. सातवं पाऊल पडलं आणि मागं सगळं बसलं. तुमचे यजमान, आमचे मामा, आणि तुमची लेक सुमन आतल्या खोलीत होते. आतल्या खोलीपासून अंगण सतरा पावलांवर होतं. एवढं सांगून तुम्ही शेंगांची टरफलं पदरात भरून टाकायला गेलात.  मी मनात भागाकार करत होतो, सतरा पावलांना किती सेकंद लागतात याचा.

त्यानंतर घर मोजायचं तुमचं माप पाऊल हे झालं. पुनर्वसनात तुम्हाला घर मिळालं होतं. दादा तुम्हाला ते दाखवायला घेऊन गेले. तुम्ही आत जाऊन बाहेर आलात, पुन्हा आत जाऊन बाहेर आलात, आणि दादांना म्हणालात, लई चांगलं हाय, पण दार एकच हाय. पुन्हा त्या घराचं नाव काढलं नाहीत. आमच्या जुन्या घराला पत्र्याची पडवी होती, तीन बाजूंनी उघडी. तिथं तुम्ही तीस वर्षं झोपलात. थंडीत दोन गोधड्या आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट. दुपारी ऊन चढलं की पत्रा तडतडायला लागायचा आणि तुम्ही आतल्या बाजूला तोंड करून म्हणायचात, तीन वाजले, चहा टाका. घड्याळ बघितलं तर फार तर पाच मिनिटं इकडं-तिकडं. सांजेला पत्रा निवताना पुन्हा वाजायचा, तेव्हा तुम्ही दिवा लावायला उठायचात.

ते घर विकून गावाच्या कडेला प्लॉट घेतला आणि नव्या घराचा विषय निघाला तेव्हा मी मोबाईलवर घरांचे फोटो जमवायला लागलो. एकशे चाळीस फोटो होते. पुढं गोल खांब, वर काचेची गॅलरी, दर्शनी भिंतीला रंगीत टाइल्स. रोज संध्याकाळी मी ते तुम्हाला दाखवायचो. तुम्ही डोळे बारीक करून बघायचात. एकदा विचारलंत, "बापू, ह्या घरांत माणसं कुठून बाहेर येत्यात?" मी म्हणालो, पुढच्या दारानं. तुम्ही म्हणालात, "आन् पुढलं दार जाम झालं तर?"

मला त्या वेळी राग आला होता, आत्या. माझ्या आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं घर, आणि त्यात तुम्हाला फक्त पळायची वाट दिसत होती. पण रागावून का होईना, मी कागद घेतला. प्लॅन काढणाऱ्या इंजिनिअर मॅडम धाराशिवच्या, तरुण. त्यांना मी म्हणालो की आमच्या घरात एक वयस्कर बाई आहे, तिची एक अट आहे. त्या म्हणाल्या, त्यांनाच घेऊन या. तुम्ही त्यांच्यासमोर खुर्चीत बसला नाहीत. उभ्यानंच सांगितलंत. प्रत्येक खोलीला अंगणात उघडणारं दार पाहिजे. दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, आत ढासळलं तरी ढकलून निघता आलं पाहिजे. झोपायच्या जागेवर माळा नको, फळी नको, पंख्याशिवाय काही लटकायला नको. आणि अंथरुणापासून आभाळ सात पावलांवर.

मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, माझ्या कॉलेजात एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

नऊशे चाळीस चौरस फुटांच्या घराला नऊ बाहेरची दारं लागली. फक्की टाकून आखणी झाली तेव्हा रशीद मिस्त्री पांढऱ्या रेघांत उभे राहून हसायला लागले. तुम्हाला म्हणाले, "अम्मा, ये घर हय के एष्टी स्टँड? चारों बाजूसे लोगां आते-जाते रहींगे."

तुम्ही फक्कीच्या रेघा न पुसता, दाराच्या जागेतूनच बाहेर आलात आणि म्हणालात, "स्टँडवर कोण दबून मेल्याचं ऐकलाव का, मिस्त्री?"

मिस्त्री हसायचे थांबले. त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही दाराबद्दल ते मला विचारेनासे झाले, तुम्हालाच विचारायला लागले.

आज हे लिहिताना मान्य करतो, घर तुमच्यामुळे चांगलं झालं. गोल खांब गेले, काच गेली. उत्तरेला विटांची जाळी आली, कारण दारांमुळे खिडक्यांना भिंतच उरली नव्हती. वारा या दारातून येतो आणि त्या दारातून जातो. मे महिन्यात शेजारी येऊन विचारायचे, कूलर कुठला घेतला. स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदा थेट परसात जाते, तिथंच ओट्यावर भाजी निवडते. माझी बायको तशी कुणाचं सहजासहजी कौतुक करत नाही, पण ती म्हणते, हे घर बाईनं काढलंय हे कळतं. गल्लीत नंतर दोन घरं झाली. दोघांनी स्वयंपाकघराला मागचं दार ठेवलं. तुम्ही गेलात हे ऐकून त्यांतले एक जण भेटायला आले, तेव्हा दाराकडे बोट करून रडले. 

वाद उरला तो तुमच्या डोक्यावर काय असावं याचा.

तुम्हाला पत्रा पाहिजे होता. मॅडम म्हणाल्या, घराचे सगळे खांब वर एकमेकांना बांधले गेले पाहिजेत. एका कोपऱ्यावर स्लॅब नसेल तर घराची ताकद तिथंच तुटते. शिवाय पुढं पोराची खोली त्याच कोपऱ्यावर काढायची होती. मी तुम्हाला समजावायला बसलो. माझी पद्धत तुम्हाला माहीत होती. चार विटा आणि काडेपेट्या घेतल्या. माळवदाच्या भिंती एकमेकांना बांधलेल्या नसतात, म्हणून जमीन हलली की त्या फाकतात आणि वरचं खाली येतं, हे दाखवलं. आपल्या घराला नऊ बाय बाराचे खांब आहेत, सांध्याजवळ दर चार इंचांना सळईची रिंग आहे, दारं-खिडक्यांच्या वर चारी बाजूंनी काँक्रीटची पट्टी आहे, हे सांगितलं. मग वजनं काढली. तुमच्या एवढ्या खोलीवर माळवद असेल तर अकरा टन. स्लॅब साडेतीन टन. पत्रा साठ किलो.

मला वाटलं, अकरावरून साडेतीनवर आणलं म्हणजे तुम्ही ऐकाल.

तुम्ही विचारलंत, "साठ किलो म्हंजी?"

"एक पोतं, थोडं जास्त."

"मग पत्राच बरा. पोतं अंगावर पडलं तर माणूस उठतंय."

  बांधलेला स्लॅब पडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिलात, की वरचं खाली येतंय एवढंच मला ठावं हाय. दीड महिना हे चाललं. तुम्ही शेवटी म्हणालात, तू बांध तुझं घर, म्या अंगणात बाज टाकते. तुम्ही सत्तरीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, छातीत कफ. आणि मी पंचवीस लोकांना सांगून बसलेलो की हे घर आत्यांसाठी बांधतोय.

तेव्हा मी ते ठरवलं. स्लॅब पडेल, त्याच्या खाली एक फुटावर पाइप टाकून पत्रा बसवायचा, कडा सिमेंटनं बुजवायच्या. आतून बघणाऱ्याला पत्र्याचं छप्पर दिसेल. बाहेरून कठडा सगळीकडे सारखा, काही कळणार नाही. वर चढून बघणं तुम्हाला शक्य नव्हतं. स्लॅबच्या आधी मी तुम्हाला तामलवाडीला ताईकडे सोडून आलो. ताईला म्हणालो, महिनाभर ठेवून घे, इथं धूळ फार आहे, आत्यांचा खोकला वाढेल. खोकल्याचं खरं होतं. बाकीचं नव्हतं.

रशीद मिस्त्रींनी पत्र्याचे पाइप लावायच्या आधी हातातलं ड्रिल खाली ठेवलं. म्हणाले, "साब, अम्माकू ऐसा फसाना नक्को." मी म्हणालो, फसवत नाही, वाचवतोय. त्यांनी ड्रिल पुन्हा उचललं. काम त्यांनी चोख केलं. नेहमी करतात त्यापेक्षाही चोख.

वास्तुशांतीच्या दिवशी तुम्ही खोलीत आलात. आधी वर बघितलं. मी तुमच्या मागे उभा होतो. तुम्ही काठीचं टोक वर नेऊन पत्र्याला लावायला गेलात. पोचलं नाही, चार इंच कमी पडलं. मग पलंगापाशी गेलात आणि तिथून दाराकडे चालायला लागलात. मी मनात मोजत होतो आणि तुम्ही मोठ्यानं. सातव्या पावलाला तुम्ही अजून छज्ज्याखालीच होतात. नवव्याला आभाळ लागलं.

माझं तोंड उतरलं. प्लॅनच्या वेळी मी तुमचं पाऊल टेपनं मोजलं होतं, वीस इंच. त्यावरून अकरा फूट आठ इंच धरले होते. मधल्या तीन वर्षांत तुमचं पाऊल सोळा इंचांवर आलं होतं आणि मी ते पुन्हा मोजलं नव्हतं. लोकांच्या शेताची फेरमोजणी करणारा माणूस, घरातल्या माणसाची करायची राहिली. मी आणि मिस्त्रींनी पलंग बत्तीस इंच दाराकडे ओढला. तुम्ही पुन्हा चालून बघितलंत. सात. पाहुणे हसले. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, ऱ्हाऊ दे, पाय माझं आखडलं, तुझं माप बरोबरच हुतं.

त्या दिवशी तुम्ही आत झोपलात. तीस वर्षांत पहिल्यांदा भिंतींच्या आत. मी आल्यागेल्याला खोलीत नेऊन दाखवत होतो. घर पाहुण्यांनी भरलं होतं, ताई तामलवाडीहून मुलांना घेऊन आली होती. दुपारी तुम्ही पलंगावर गाढ झोपलेल्या असायचात. मी ताईला दारातूनच दाखवलं आणि हळूच म्हणालो, बघ, आत्या दिवसासुद्धा कशा निवांत झोपतात. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

दहाव्या दिवशी ताई गेली. एसटीला बसवून मी परत आलो तर तुमची बाज अंगणात.

मी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, आत उकडतंय.

आता हे लिहिताना मला लाज वाटते, आत्या. मी आत जाऊन थर्मामीटर आणलं. तुमच्या खोलीत चौतीस, अंगणात सावलीत एक्केचाळीस. आकडे तुमच्यासमोर धरले आणि विचारलं, सात अंशांचा फरक आहे, उकडतंय कुठं? तुम्ही चष्मा लावून थर्मामीटर बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "पत्र्याखाली येवढं गार? नवलच हाय म्हणायचं."

मी म्हणालो, दारांमुळे. वारा खेळतो.

"आसंल. तुझा आकडा बरूबर आसंल," तुम्ही म्हणालात, आणि बाजेवर आडव्या झालात.

तापल्या पत्र्याखाली चौतीस अंश कुठल्याही मे महिन्यात असत नाही. हे कुणाही पोराला कळेल. मला त्या क्षणी कळलं नाही. मी माझा पुरावा तुमच्या हातात दिला होता आणि वर भांडत होतो. पावसाळ्यात तुम्ही जाळीच्या भिंतीलगत आडोशाला बाज ओढलीत, पण आत आला नाहीत. दिवाळीत आला नाहीत. थंडी पडली, मी रोज संध्याकाळी हवेचा आकडा सांगायचो. आज चौदा, आज बारा. तुम्ही व्हय म्हणायचात आणि गोधडी घ्यायचात. एक दिवस मी ओरडलो. म्हणालो, ही खोली मी तुमच्यासाठी बांधली आहे, तुमच्या पावलानं मोजून बांधली आहे, आणखी काय करू? तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं. मग म्हणालात, काय बी करू नकोस, आत जा, गारठा हाय.

त्या दिवशी तुम्ही बोलला असतात तर मी कबूल केलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, माहीत नाही.

कफ छातीत बसला. धाराशिवच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर खाट मिळाली. खालच्या मजल्यावर जागा नव्हती, मी दोनदा विचारलं. तुमच्या डोक्यावर तिथं किती टन होते ते मी काढलं नाही. नाकात नळी होती, बोलणं तुटत होतं. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "हितनं भाईर किती पावलं?"

मी म्हणालो, बघून येतो. खाटेपासून निघालो. व्हरांडा, जिना, खालचं दालान, गेट. आभाळ लागेपर्यंत मोजलं. परत येताना पुन्हा मोजलं. जिन्यात मध्येच थांबलो होतो. काय सांगावं कळत नव्हतं. सात म्हणून सांगितलं असतं तरी कुणी तपासायला जाणार नव्हतं. तुम्हाला बरं वाटलं असतं. पण माझ्याच्यानं झालं नाही. तुमच्या कानाशी वाकून म्हणालो, एकशे एक्केचाळीस पावलं, आणि चौपन्न पायऱ्या.

ती माझी पावलं होती. तुमच्या पावलांनी अडीचशेच्या आसपास.

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं घाबरलात. मग म्हणालात, "ह्या बारीला खरं सांगितलास."

एवढंच. हात माझ्या मनगटावर होता तो तसाच राहिला. मी बोलायला पाहिजे होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तुम्ही शुद्धीवर होतात, मला शब्दही माहीत होते. मी सलाईनकडे बघितलं आणि थेंब मोजायला लागलो. मिनिटाला वीस पडत होते. मी बराच वेळ मोजले. तुमचा डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

घरी आणल्यावर तुम्हाला अंगणातच ठेवलं. आत न्या, असं कुणी म्हणालं नाही.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसली होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि दवाखान्यात तुम्ही काय म्हणालात ते सांगितलं. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

मी विचारलं, कसं?

"दुपारी त्यांनी मला हाक मारून विचारलं, किती वाजले. माझं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, आत्यांनी दुपारी वेळ विचारली नव्हती कधी. मी म्हणाले, सव्वातीन. तर वर बघत म्हणाल्या, सुनंदा, ह्यो पत्रा मुका हाय गं."

 शेजारच्या गोठ्याचा पत्रा रोज वाजतो. तो मलाही ऐकू येत होता.

"मग लगेच बाहेर का आल्या नाहीत?"

सुनंदानं लसणाचं ताट बाजूला ठेवलं. "घरात पाव्हणे होते. तुम्ही एकेकाला हाताला धरून खोलीत नेत होता. मी म्हणाले, मी यांना सांगते. तर माझा हात धरला. म्हणाल्या, बापू जल्मात पयल्यांदा खोटं बोललाय, त्याला ते नीट जमलं बी न्हाय. पाव्हण्यात उघडा पडाया नगं. ताई जाऊ दे, मग बघते म्या. शपथ घातली मला."

मग तिनं मला बाकीचं सांगितलं. तुम्ही त्या नऊ रात्री आडव्या झाला नव्हतात. पलंगाच्या कडेला बसायचात, पाय जमिनीवर, काठी हातात, दार सताड उघडं. सुनंदा पहाटे उठायची तेव्हा तुम्ही तशाच असायचात. उजाडलं, घर जागं झालं, दारात माणसं दिसायला लागली, की मग तुम्हाला धीर यायचा आणि दिवसा तुमचा डोळा लागायचा. ती झोप मी लोकांना दाखवली. साडेतीन टनांच्या खाली तुम्ही नऊ रात्री बसून काढल्यात, का, तर माझा शब्द खाली पडू नये म्हणून. आणि त्या नऊही रात्री मी नव्या घरात गाढ झोपलो होतो. इतका निवांत मी आयुष्यात झोपलो नव्हतो.

रशीद मिस्त्री परवा येऊन गेले. पत्रा काढायचा का, विचारत होते. काढला तर वर स्लॅब दिसेल, ठेवला तर तो तसाच लटकत राहील.  मी त्यांना चहा दिला. ते तुमच्या दारात उभे राहून वर पत्र्याकडे बघून गेले. स्लॅब मजबूत आहे, आत्या. शंभर वर्षं हलणार नाही. माझं गणित बरोबर होतं, हे मी आज कुणाला सांगू?

हे मी तुमच्या पलंगाच्या कडेला बसून लिहितोय. पाय जमिनीवर टेकवून बघितले. दार उघडं आहे. संक्रांत झाली, ऊन चटका द्यायला लागलंय. आत्ता शेजारच्या गोठ्याचा पत्रा तडतडायला लागला. म्हणजे तीन वाजले. मी वर बघतोय, कान देऊन. आपला पत्रा गप्प आहे.